मुलुंड नाक्याच्या अलीकडे-पलीकडे

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. विधानसभा निवडणुकीची घोषणा दुसऱ्याच दिवशी झाली, हा योगायोग मानणे ज्याच्या त्याच्या भाबडेपणावर अवलंबून आहे. त्यापूर्वी, १ जुलै २०१७ रोजी, मुंबई महापालिकेची जकात संपुष्टात आली होती. जकात गेली, मोटारींचा टोल गेला. अवजड वाहनांचा तेवढा उरला. ठाण्याच्या मध्यमवर्गाने या निर्णयाचे स्वागत एखादी परकी सरहद्द खुली व्हावी अशा थाटात केले. आपल्याच जिल्ह्याच्या पोटातून कापून काढलेल्या शहरात जाण्यासाठी इतकी वर्षे दाम मोजावा लागत होता, हा सल त्यामागे होता आणि तो खोटा नव्हता. आनंदनगर नाक्याजवळच्या हरिओमनगरच्या रहिवाशांची स्थिती तर त्याहून विलक्षण होती. त्यांची वस्ती मुंबईच्याच हद्दीत, पण टोलनाका त्यांच्या आणि मुंबईच्या मध्ये उभा!

मात्र या आनंदात वर्तकनगरचा वाटा किती, हे पाहिले पाहिजे. वर्तकनगर म्हणजे गृहनिर्माण मंडळाच्या जुन्या इमारती, पोलीस वसाहत आणि भोवती वाढलेली कष्टकऱ्यांची वस्ती. येथून रोज मुंबईला जाणारा माणूस मोटारीने जात नाही. तो कॅडबरी नाक्यावरून बसने किंवा भागीदारीच्या रिक्षाने ठाणे स्थानक गाठतो आणि कल्याणहून भरून आलेल्या लोकलच्या दारात स्वतःला कोंबतो. त्याला टोलही लागला नव्हता आणि माफीही मिळाली नाही. तरीही मुंबईने आपल्यावर अन्याय केला आणि आता तो दूर झाला, असे त्यालाही वाटले. ज्याचा लाभ आपल्याला मिळाला नाही त्याबद्दलही माणसाला समाधान वाटते, ही शेजाऱ्याविषयीच्या भावनेची करामत आहे. या भावनेचा विचार चळवळीने कधी गंभीरपणे केला नाही. इतरांनी केला आणि त्याचे पीक काढले.

मुंबईकर ठाण्याकडे कसा पाहतो? प्रश्नच थोडा चुकीचा आहे. बहुधा तो पाहतच नाही. मुंबईच्या बोलीत ठाण्याचा उल्लेख अनेक पिढ्या एकाच संदर्भात होत आला. कोणी विक्षिप्तपणे वागला की ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणावयाचे. १९०१ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय, एवढीच ठाण्याची ओळख. मुंबई ते ठाणे ही या देशातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. तिच्याबद्दल बोलतानाही मुंबईला आठवते ते बोरीबंदर; ठाणे हे केवळ गाडी जेथे थांबली ते ठिकाण. ज्याला घर परवडत नाही तो ठाण्याला ‘फेकला जातो’, हे क्रियापदच पुरेसे बोलके आहे. माणूस फेकला जातो त्या जागेला शहर म्हणण्याची पद्धत नाही.

उलट ठाणेकराचे मुंबईविषयीचे ज्ञान अफाट असते. कोणत्या स्थानकावर कोणत्या बाजूला फलाट येतो, केईएममध्ये केसपेपर किती वाजता काढावा, मंत्रालयात कोणत्या दारातून सोडतात, हे सारे त्याला ठाऊक असते. त्याच्या मनात मुंबईबद्दल दोन भावना एकाच वेळी नांदतात. एक अभिमानाची: आमची तळी, आमचे १९७८ पासूनचे गडकरी रंगायतन, आमचे टिकून राहिलेले मराठीपण, नाहीतर तुमच्या मुंबईत आता राहिले काय? दुसरी भावना तो गावी गेला की बाहेर पडते. कोकणात किंवा साताऱ्याकडे कोणी विचारले, ‘काय, कुठे असता?’ तर उत्तर येते, ‘मुंबईला’. त्या क्षणी तळी, रंगायतन आणि मराठीपण मुलुंडच्या पलीकडे बुडते. दूरध्वनी खात्याने ठाण्याला मुंबईचाच ०२२ हा संकेतांक दिला, याचा ठाणेकराला वाटणारा आनंद अनेक नागरी सुविधांनी होणाऱ्या आनंदापेक्षा मोठा होता. कल्याण-डोंबिवलीला मात्र ०२५१. ही गोष्ट पुढे पुन्हा घ्यावी लागेल.

मोठ्या आणि लहान शेजाऱ्यांमधील हे नाते ठाण्यापुरते नाही. जगात त्याचे सर्वांत ठळक उदाहरण कॅनडा आणि अमेरिका यांचे. सरहद्द जवळजवळ नऊ हजार किलोमीटर; अलीकडे चौतीस कोटी माणसे, पलीकडे चार कोटी. कॅनडाच्या निर्यातीतील सुमारे तीन चतुर्थांश माल एकट्या अमेरिकेत जातो. कॅनडाचे पंतप्रधान पिअर ट्रूडो १९६९ साली वॉशिंग्टनला गेले असता त्यांनी अमेरिकन पत्रकारांना ऐकवले होते की, तुमच्या शेजारी राहणे म्हणजे हत्तीच्या शेजारी झोपण्यासारखे आहे. जनावर कितीही सालस असो, त्याने नुसते अंग हलवले तरी शेजाऱ्याला ते जाणवते. हत्तीला मात्र शेजारी कोण झोपला आहे याची खबर नसते. अमेरिकन माणसाच्या लेखी कॅनडा म्हणजे थंडी, बर्फ आणि सभ्य माणसे. कॅनडियन माणसाला अमेरिकेचे राजकारण, तिचे खेळ, तिचे दूरचित्रवाणी कार्यक्रम, सारे तोंडपाठ. आपण कोण, या प्रश्नाला त्याचे पहिले उत्तर असते, ‘आपण अमेरिकन नाही’.

१९२५ साली नव्हे, २०२५ साली हत्ती कुशीवर वळला. अध्यक्ष ट्रम्प यांनी कॅनडाला अमेरिकेचे एक्कावन्नावे राज्य करण्याची भाषा सुरू केली आणि मार्चमध्ये कॅनडाच्या मालावर २५ टक्के आयातशुल्क लादले. कॅनडात संतापाची लाट उसळली. प्रांतिक सरकारांच्या दुकानांतून अमेरिकन मद्याच्या बाटल्या उतरवल्या गेल्या, लोकांनी अमेरिकेच्या सहली रद्द केल्या, बाजारात वस्तू उचलताना ती कोठे बनली हे पाहण्याची सवय लागली. स्वाभिमानाच्या दृष्टीने हे सारे कौतुकास्पदच होते. पण २८ एप्रिल २०२५ च्या निवडणुकीत काय घडले, हे पक्षकार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावे. या लाटेवर स्वार होऊन जिंकला तो लिबरल पक्ष आणि त्याचे नेते मार्क कार्नी, म्हणजे मध्यवर्ती बँकेचे माजी गव्हर्नर. कामगारांचा म्हणवणारा न्यू डेमोक्रॅटिक पक्ष अवघ्या सात जागांवर आला आणि त्याचे नेते जगमीत सिंग स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाले. शेजाऱ्यावरील रागाच्या पुरात घर वाहून गेले ते श्रमिकांच्या पक्षाचे. मोटार उद्योगात तर याहून वाईट दृश्य दिसले. नदीच्या एका काठावर डेट्रॉईट, दुसऱ्या काठावर विंडसर. एकेकाळी दोन्हीकडचे कामगार एकाच संघटनेत होते. १९८५ साली कॅनडाचा विभाग वेगळा झाला. २०२५ साली मोटारींवरील आयातशुल्काचे अमेरिकन संघटनेने स्वागत केले आणि कॅनडाच्या संघटनेने निषेध. कंपन्या त्याच, मालक तेच. फाटले ते कामगार.

येथे ठाण्याची आठवण येणे अपरिहार्य आहे. १९६६ साली शिवसेना स्थापन झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, तिला पहिली सत्ता मिळाली ती मुंबईत नव्हे, ठाणे नगरपालिकेत. मुंबईत रोजगार मिळत नाही, मुंबई आपली असूनही आपली राहिली नाही, ही जखम हद्दीबाहेर फेकल्या गेलेल्या मराठी माणसाला अधिक ठणकत होती आणि त्या जखमेवर बोट ठेवणारा माणूस त्याला जवळचा वाटला. समाजवाद्यांनी त्या वेळी काय केले? १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाने त्याच शिवसेनेशी युती केली. वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने शिडे फिरवली की नाव किनाऱ्याला लागते, असा तो हिशेब होता. शिडे मोठ्या जहाजाची होती, नाव समाजवाद्यांची. पुढे त्या नावेचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात एस. एम. जोशींनी मुंबई मागितली ती कामगारांची आणि कष्टकऱ्यांची राजधानी म्हणून. त्याच मुंबईविषयीच्या भावनेचे एका दशकात शेजाऱ्यांच्या हेव्यादाव्यांत रूपांतर झाले आणि ते रोखण्याऐवजी पक्ष त्यात सामील झाला. ही गोष्ट जितक्या वेळा उच्चारली जाईल तितके बरे.

तक्रार खोटी होती असा याचा अर्थ नव्हे. ठाणे आणि मुंबई यांच्यामधील रेषा निसर्गाने आखलेली नाही. दोन्ही शहरांची भूमी साष्टीचीच. १९२० साली ठाणे जिल्ह्याचा दक्षिण भाग तोडून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला. १९५० साली मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. ती मुलुंडलाच का थांबली, याचे उत्तर प्रशासकीय कागदांत असेल. पण तिच्या अलीकडे राहिलेल्यांना वाढत्या मुंबईचा भार मिळाला आणि तिचा महसूल मिळाला नाही. मुलुंडची कचराभूमी याच सीमेवर २०१८ पर्यंत चालू होती. हद्द मुंबईची, पण वाऱ्याला हद्द कळत नाही. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प चौऱ्याहत्तर हजार कोटींहून अधिक होता. ठाणे महापालिका १ ऑक्टोबर १९८२ पासून आपला संसार कर्जाऊ भांड्यांवर चालवते आहे.

परंतु मुंबई म्हणजे कोण, हा प्रश्न विचारल्याशिवाय ही तक्रार पुरी होत नाही. १९६० च्या दशकात वागळे इस्टेट उभी राहिली, पोखरण रस्त्याच्या दुतर्फा कारखाने आले आणि त्यांच्या कामगारांनी वर्तकनगर, किसननगर, लोकमान्यनगर वसवले. १९८२ च्या गिरणी संपानंतर परळ-लालबागचे कामगार मोठ्या संख्येने याच रेल्वेमार्गाने अलीकडे आले: कोणी ठाण्याला, कोणी डोंबिवलीला, ज्याला तेही परवडले नाही तो अंबरनाथ-बदलापूरला. म्हणजे आजचा ठाणेकर हा बव्हंशी कालचा मुंबईकर आहे. तो ज्या मुंबईवर रागावतो ती त्याचीच मागे राहिलेली चाळ आहे, तिच्या जागी उभा राहिलेला मनोरा आहे. हाच मनोरा पुढे त्याच्या मागोमाग ठाण्यातही आला. १९२५ पासून ठाण्यात लोकर विणणारी रेमंडची गिरणी बंद झाली. २०१९ पासून त्याच कंपनीने त्याच शंभर एकरांहून अधिक जमिनीवर घरे विकण्याचा व्यवसाय सुरू केला. कापडापेक्षा जमीन अधिक नफा देते हे गणित गिरणगावातून नाका ओलांडून आले तेव्हा त्याला कोणी टोल विचारला नाही. वर्तकनगरमधील जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चाही याच गणिताने चालते. जाहिरातीत मात्र भाषा निराळी असते. ‘मुंबईपासून इतकी मिनिटे’ हे वाक्य नसलेली ठाण्यातील घरांची जाहिरात शोधून काढणे अवघड आहे. ठाण्याचा अभिमान सभेत बोलावयाचा आणि ठाण्याचा भाव मुंबईच्या अंतरावर ठरवावयाचा, हा दुटप्पीपणा ज्यांना परवडतो ते दोन्ही बाजूंना घरे बांधतात.

कॅनडाच्या इतिहासात याला एक उत्तर सापडते आणि ते समाजवादी चळवळीने दिलेले आहे. सस्कॅचेवान हा गव्हाचा, विरळ वस्तीचा प्रांत. तेथे १९४४ साली टॉमी डग्लस यांच्या नेतृत्वाखाली उत्तर अमेरिकेतील पहिले समाजवादी सरकार निवडून आले. त्या पक्षाच्या सरकारने १ जुलै १९६२ रोजी सर्व नागरिकांसाठी सार्वजनिक आरोग्य विमा लागू केला. डॉक्टरांनी २३ दिवस संप केला, सरकार हटले नाही. १९६६ साली तीच योजना देशभर नेण्याचा कायदा झाला. आजारी पडल्याने घर विकावे लागत नाही, ही गोष्ट नंतर कॅनडियन माणसाच्या स्वत्वाचा गाभा बनली. ‘आपण अमेरिकन नाही’ या नकाराला त्या दिवशी अर्थ आला. २००४ साली तेथील सार्वजनिक दूरचित्रवाणीने श्रेष्ठ कॅनडियन निवडण्यासाठी लोकांची मते मागवली तेव्हा पहिल्या क्रमांकावर डग्लस आले. गव्हाच्या प्रांतातल्या समाजवाद्याने ते स्थान मिळवले, आणि तेही अमेरिकेला शिव्या देऊन नव्हे.

या मापाने ठाण्याचा अभिमान मोजला तर काय हाती लागते? १३ ऑगस्ट २०२३ च्या सुमारास महापालिकेच्या कळव्यातील रुग्णालयात चोवीस तासांत अठरा रुग्ण दगावले. चौकशी नेमली गेली, मंत्र्यांच्या भेटी झाल्या. ज्या जिल्ह्यात मंत्री-मुख्यमंत्र्यांची वाण पडली नाही, त्या जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडकडच्या गरीब रुग्णाला कळव्यापुढे शीव, केईएम किंवा नायर हाच रस्ता राहतो. मुंबईच्या या रुग्णालयांनी ठाण्याच्या माणसाला कधी ‘तू आमच्या हद्दीतला नाहीस’ म्हटले नाही, हेही नमूद केले पाहिजे. ज्या मुंबईवर राग काढावयाचा ती मुंबई आणि जी मुंबई रात्री दोन वाजता बाळंतीण दाखल करून घेते ती मुंबई, या दोन वेगळ्या आहेत. पहिली नफ्याची, दुसरी सार्वजनिक पैशाने उभी केलेली. भांडण पहिलीशी आहे. दुसरीसारखे काही अलीकडे का उभे राहिले नाही, याचा जाब मुंबईला विचारता येत नाही.

आता ०२५१ कडे वळावे. ठाणेकराला मुंबईकराची नजर बोचते. पण तोच ठाणेकर पूर्वेकडे तोंड करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत तीच नजर उतरते. डोंबिवली म्हणजे गर्दी, मुंब्रा म्हणजे भानगड, दिवा म्हणजे अनधिकृत बांधकाम. कल्याणपलीकडे तर नकाशाच संपतो. ठाणे स्थानकात चढणाऱ्याची तक्रार असते की गाडी कल्याणवाल्यांनी आधीच भरलेली असते, जणू कल्याणचा माणूस हौसेने लटकतो. ठाणे-दिवा दरम्यान पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तरीही ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांवर घासून रुळांवर पडले आणि त्यांतले काही जिवाला मुकले. त्यात कोण ठाण्याचा, कोण कल्याणपलीकडचा, हे दारात लटकताना कोणी विचारत नाही. मुलुंडच्या कचऱ्याच्या वासाबद्दल मुंबईला बोल लावणाऱ्या ठाणे शहराने स्वतःचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यात नेऊन टाकला. दिवा महापालिकेच्याच हद्दीत होते, तरीही. आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेने भोवतालच्या सत्तावीस गावांशी काय केले? १९८३ साली पोटात घेतली, २००२ साली बाहेर काढली, २०१५ साली पुन्हा घेतली. गावकऱ्यांचे मत या उठाबशांत कोठेच नव्हते. लहान शेजाऱ्याला मोठ्याकडून जे शिकावयास नको होते तेच तो आधी शिकतो.

मुंबईच्या पाण्यात हे सर्वांत स्पष्ट दिसते. या शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी लागते. त्यातला विहार आणि तुळशीचा थोडा भाग वगळला तर बाकी सारे पाणी जुन्या ठाणे जिल्ह्याच्या आणि त्याला लागून असलेल्या इगतपुरीच्या डोंगरांतून येते. १८९२ चे तानसा, १९५७ चे मोडकसागर, १९७३ चे ऊर्ध्व वैतरणा, मग भातसा, आणि २०१४ साली मोखाड्यातले मध्य वैतरणा. सात जलाशयांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा साठा एकट्या भातसाचा, आणि भातसा शहापूर तालुक्यात. त्याच शहापूर तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाड्यावरची बाई डोक्यावर हंडा घेऊन दोन-दोन मैल चालते आणि वाटेत तिला ज्या महाकाय जलवाहिन्या लागतात त्यांतून तिच्याच डोंगराचे पाणी वाहत असते. त्या नळाला तिच्यासाठी तोटी नाही. हे सांगताना ठाणेकर कार्यकर्त्याचा आवाज चढतो आणि तो मुंबईकडे बोट दाखवतो. बोट दाखवावेच. पण ठाणे शहराचे पाणी कोठून येते? तेही भातसातून, काही बारवीतून, आणि काही तर मुंबई महापालिकेकडून, म्हणजे याच जिल्ह्यातून निघून मुंबईच्या नळाने परत आलेले. मुंबईने उचललेल्या पाण्यात ठाण्याचा वाटा किती, हा वाद नगरसेवक आवडीने घालतात. शहापूरचा वाटा किती, हा प्रश्न त्यांच्या विषयपत्रिकेवर येत नाही.

हुबेहूब हीच कथा कॅनडात घडली, आणि ती कळल्यावर कॅनडाविषयी वाटणारी सहानुभूती जरा आवरती घ्यावी लागते. विनिपेग शहराने १९१९ साली शोल लेक या सरोवरातून दीडशे किलोमीटरहून लांब कालवा बांधून पाणी आणले. त्या कामात तेथील मूळनिवासी लोकांची जमीन गेली, खोदाईमुळे त्यांची वस्ती एका कृत्रिम बेटावर अडकली. शहर त्यांच्या सरोवराचे स्वच्छ पाणी पीत राहिले. त्या वस्तीला मात्र १९९७ पासून २०२१ पर्यंत, चोवीस वर्षे, पाणी उकळून प्या अशी सूचना लागू होती. बाहेर जाण्याचा बारमाही रस्ता त्यांना मिळाला तो २०१९ साली. अमेरिका आपल्याकडे पाहत नाही, अशी पन्नास वर्षे तक्रार करणाऱ्या देशाने स्वतःच्या पाठीमागे वळून पाहण्यास एक शतक घेतले. सार्वजनिक आरोग्य विम्याचा अभिमान बाळगणाऱ्या याच देशात हे घडले. एक चांगली संस्था उभी केली म्हणून बाकीचे हिशेब चुकते होत नाहीत.

पाण्याच्या प्रश्नावर समाजवाद्यांजवळ स्वतःची परंपरा आहे आणि ती आठवण्यास हरकत नाही. गोरेगावच्या मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले. त्यांनी ज्या उपनगराचे पाणी मागितले ते उपनगरही तेव्हा मुंबईच्या दृष्टीने ठाण्याइतकेच दूर होते. त्यांनी गोरेगावच्या वतीने दक्षिण मुंबईचा द्वेष केला नाही. वस्तीतल्या बायकांना घेऊन त्या महापालिकेच्या दारात गेल्या आणि नळ आणून थांबल्या. १९७७ साली त्या लोकसभेवर गेल्या त्यामागे तो नळ होता. शेजाऱ्याच्या नजरेत किंमत वाढावी म्हणून केलेले ते आंदोलन नव्हते.

आज पाण्याचा प्रश्न दोन ठिकाणी उभा आहे. वाडा-मोखाड्याकडे गारगाई धरण प्रस्तावित आहे. पाणी मुंबईचे, बुडणारी सहा गावे आदिवासींची, जंगल तानसा अभयारण्याचे. आणि मुरबाड तालुक्यात काळू धरण. हे दुसरे धरण मुंबईसाठी नाही. ते ठाणे, कल्याण-डोंबिवली आणि भोवतालच्या शहरांसाठी आहे. परवानग्या पुऱ्या नसताना त्याचे काम सुरू झाले, श्रमिक मुक्ती संघटनेने न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ साली उच्च न्यायालयाने काम थांबविले. तरीही निवडणूक आली की ते पुन्हा वर काढले जाते. गारगाईला विरोध करणे ठाण्याच्या कार्यकर्त्याला सोपे आहे; समोर मुंबई आहे. काळूविषयी बोलताना मात्र समोर त्याच्याच शहराचा नळ आहे, वर्तकनगरच्या टाकीत अपुऱ्या दाबाने चढणारे पाणी आहे आणि त्या पाण्यासाठी रात्री जागणारी त्याचीच शेजारीण आहे. तिला काय सांगावयाचे? नवे मनोरे आणि त्यांचे पोहण्याचे तलाव यांचे पाणी आधी मोजा, गळती आणि चोरी थांबवा, मग धरणाविषयी बोला, हे उत्तर खरे आहे. पण ते तिला पटवून देण्यास वस्तीत चार नव्हे, चाळीस बैठका घ्याव्या लागतील. धरणातल्या पाण्यावर पहिला हक्क धरणाभोवतीच्या गावांचा आणि त्यानंतर शहरांचा, ही मागणी ठाण्याच्या पक्षशाखेने आपल्या शहराविरुद्धही मांडली, तर मुरबाडचा आदिवासी तिच्याकडे प्रथमच कुतूहलाने पाहील. विश्वासाने नव्हे, तेवढी पुण्याई अजून जमलेली नाही.

उन्हाळा लागला की शहापूरच्या पाड्यांवर टँकर सुरू होतात. वर्तकनगरच्या कार्यकर्त्यांनी त्या वेळी मुलुंड नाक्यावर निदर्शने करण्याऐवजी कसारा लोकल पकडून आसनगावला उतरावे. सकाळी त्या दिशेने गाडी रिकामी असते.